अप्पा, तुम्ही कुणाच्या शब्दावर शिवलात?

अप्पा,

प्रिय वगैरे नंतर. आधी हे सांगा, अक्कल काय त्या नदीतच सोडून आला होतात? त्या माणसाच्या शब्दावर शिवलात? सगळ्या जगात तुम्हाला तोच सापडला?

मी बघत होते ना! तुमच्या दहाव्याला तुमच्या लेकाने, बाळूने, नदीवरून फोन लावला होता, तोंडं दिसतात तसला. इथे जपानात तेव्हा हॉटेलात दुपारच्या जेवणाची गर्दी. माझे हात पिठात, म्हणून सुदामने त्याचाच फोन माझ्यासमोर धरला होता. तिकडे दगडावर पिंड आणि वर उंबराच्या फांदीवर तुम्ही. म्हणजे कावळा. बाळू हात जोडून म्हणाला, "अप्पा, केंद्र बंद पडू देणार नाही." तुम्ही ढिम्म. मग म्हणाला, "नातवाला वकील करतो." ढिम्म. मागून कुणीतरी ओरडलं, "अप्पा, दारू सोडतो!" तो तर गावातल्या प्रत्येक दहाव्याला सोडतो. तुम्ही मान वाकडी करून नुसते बघत होतात, फोनकडे. बाळू रडकुंडीला आला. "ताई, तू बोल काहीतरी. त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय."

मी तोंड उघडलं होतं, अप्पा. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात शेजारून सुदाम बोलला. डोळ्यांत पाणी आणून बोलला. "काका, शकूताईची काळजी करू नका. तिला मी सांभाळतो."

आणि झेप घेतलीत! तिकडे बायकांनी रडून घेतलं. इकडे सुदामने गल्ल्यावरच्या तुमच्या फोटोला हात जोडले, डोळे पुसले आणि मला म्हणाला, "ताई, चार नंबरला दोन भाकऱ्या."

म्हणून लिहितेय. बोलायची वेळ माझी होती, ती त्याने घेतली. आता कागदावर तरी पुरतं बोलू दे. ताटाखाली घालायचे कागद आहेत इथे हॉटेलात, त्यांची मागची बाजू कोरी असते. दुपारी हॉटेल बंद करून सगळे आडवे होतात तेव्हा बसलेय. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, ऱ्हस्व दीर्घ काढत बसू नका.

"सांभाळतो." तुम्हीच ना आम्हाला तो शब्द ओळखायला शिकवलात? लग्नाच्या खर्चापायी जन्मभराचा गडी होऊन बसलेल्या माणसाला सोडवायला तुम्ही जायचात, तेव्हा प्रत्येक शेठ ओटीवर बसून तेच म्हणायचा. "मी काय त्याला मारतो का हो? उलट सांभाळतो. लग्न लावून दिलं, घोंगडी दिली, पोर आजारी पडलं तर औषध दिलं." तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात. चहा प्यायचा नाहीत. मग एकच विचारायचात, "उद्या त्याला जायचं झालं तर जाता येईल का?" शेठ पानाचा डबा ओढायचा. घरी येऊन आम्हाला सांगायचात, "बिगार पैशात मोजू नका, पायात मोजा. जाता येतं का, एवढंच बघा. आणि सांभाळतो म्हणणाऱ्यापासून सांभाळा."

मग? त्या दिवशी फांदीवर बसून कान कुठे गेले होते? हयातीत भांडण नको असलं की कानातलं यंत्र बंद करायचात, तसं तिथेही केलंत काय?

सुदामला मी पहिल्यांदा पाहिला तो वीटभट्टीवरून तुम्ही त्याला आणि त्याच्या आईला आणलंत त्या दिवशी. बाप भट्टीवरच गेलेला. पोरगं विटेसारखं लाल, केसांत राख. सुटून आलेल्यांसाठीच्या आपल्या केंद्राच्या पडवीत मी भाकरी थापत होते. मी तरी केवढी? हात परातीत पुरे मावत होते. तो माझ्यासमोर बसून एकामागून एक भाकरी खात राहिला आणि तुम्ही हसून म्हणालात, "शकू, याला जपून वाढ. हा मोठा होणार आहे."

झाला बघा मोठा. तुमचं खरं झालं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुम्ही माझी शाळा सोडवलीत. म्हणालात, एवढी पेरणी होऊ दे, मग परत पाठवतो. सुटून आलेल्या माणसांना पहिले काही महिने कुणी कामावर घेत नाही, त्यांना खायला कोण घालणार? खरंच होतं ते. मी नाही म्हटलं नाही. पण अप्पा, पेरणी झाली, कापणी झाली, पुढची पेरणी झाली. शाळेच्या बाई घरी आल्या होत्या विचारायला. तुम्ही गावात नव्हतात, कुठल्याशा कचेरीत कुणाच्यातरी सुटकेसाठी बसला होतात. आईने आतून सांगितलं, "यांना विचारून कळवते." तुम्हाला कुणी विचारलं नाही, तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. सुदाम मात्र त्याच शाळेत गेला, माझ्याच पाटीवर लिहीत. मग बोर्डिंगात, मग तालुक्याला, मग हॉटेलाचं शिकायला शहरात. प्रत्येक वेळी स्टेशनवर पोचवायला तुम्ही.

त्याचा राग नाही मला. खोटं बोलले. आहे. पण आज तो विषय नाही.

आपल्या घरात "मालक" शब्दाला बंदी होती, आठवतं? शेजारची काकू आली आणि म्हणाली, "आमचे मालक बाहेर गेलेत," की तुम्ही आतून ओरडायचात, "काकू, मालक म्हशीला असतो, बाईला नवरा असतो!" ती बिचारी तेव्हापासून नवऱ्याला "आमचं माणूस" म्हणायला लागली. माझं लग्न झालं, तुमचा जावई आठ वर्षांत गेला, मी परत तुमच्या पडवीत भाकरी थापायला आले. तेवढ्या काळात एकदाही माझ्या तोंडून तो शब्द आला नाही.

इथे येतो. रोज येतो. इथे त्याला "शाचो" म्हणतात. पहिल्याच आठवड्यात सुदाम मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, दुकानात मला सुद्या म्हणू नकोस, गिऱ्हाईक असतं. शाचो म्हण." मी विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, "म्हणजे असंच. मोठा." मग भांडी घासायला येणाऱ्या जपानी आजींना मी खुणा करकरून विचारलं. त्यांनी गल्ल्याकडे बोट दाखवलं, मग छपराकडे, मग चुलीकडे, मग माझ्याकडे. हे सगळं ज्याचं, तो.

कळलं?

इथे मला पाठवलंत तुम्ही. मी मागे लागले नव्हते. सुदाम सुट्टीला आला होता, सोबत तुमच्यासाठी ते नवं कानातलं यंत्र. जेवताना म्हणाला, "काका, आमच्या ग्योतोकूला, टोकियोच्या शेजारी, पुण्याची पोरं खच्चून भरलीत. सगळी कंप्युटरवाली. हातच्या भाकरीला रडतात. शकूताईसारखा हात मिळाला तर हॉटेल कुठल्या कुठे जाईल." मी म्हटलं, अप्पांना कोण बघणार? तुम्ही लगेच म्हणालात, "मला काय धाड भरलीय? जा. जग बघ. आपला माणूस आहे." आपला माणूस! तुमच्या डोळ्यांत काय चमक होती त्या वेळी. ज्याच्या बापाला भट्टीची हद्द ओलांडता आली नाही, तो तुमच्या मुलीला विमानात बसवणार होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला आयुष्याचं फळ मिळतंय, आपण का नाट लावा?

विमानतळावर त्याने माझा पासपोर्ट घेतला. "दे ताई, हरवशील." मी दिला. नवीन लग्न झालेली पोरगी दागिन्यांची पुडी सासूकडे ठेवायला देते, तसा दिला.

वाईट नाही वागवत, अप्पा. पगार देतो, वेळेवर देतो. हॉटेलच्या वर मला वेगळी खोली आहे, गॅलरी आहे. थंडीत कोट घेऊन दिला. ताप आला तर स्वतः दवाखान्यात नेतो, डॉक्टरशी तोच बोलतो. पुण्याच्या पोरांना सांगतो, "ही माझी बहीण." जपानी गिऱ्हाईकाने तुमचा फोटो दाखवून विचारलं तर म्हणतो, "माझे वडील." तुमच्या वर्षश्राद्धाला इथल्या सगळ्या मराठी लोकांना फुकट जेवण घालणार आहे.

फक्त मला जाता येत नाही. बाकी सगळं आहे.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा बाळूचा फोन आला, "ताई, अप्पा विचारतात शकू कधी येते." मी तशीच हात न धुता गल्ल्यावर गेले. सुदाम म्हणाला, "ताई, व्हिसा वाढवायचं काम चालू आहे. आत्ता गेलीस तर परत येता येणार नाही." म्हटलं, नाही आले परत तर नाही आले! तो हसला. "असं कसं? भाकरीचं काय?" पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला. पुढच्या आठवड्यात म्हणाला, काकांना बरं वाटतंय म्हणे, बाळूशी बोललो मी. बाळूशी तो बोलायचा! मला काय वाटतं ते बाळूला तो सांगायचा आणि तुम्हाला कसं आहे ते मला तो सांगायचा.

आणि तुम्ही फोनवर यायचात तेव्हा काय विचारायचात? "सुदाम कसा आहे?" आधी तो. मी म्हणायची, बरा आहे. मग तुम्ही, "त्याला जप." एकदा तरी विचारायचंत ना, शकू, तुला जाता येतं का? जगातल्या सगळ्यांना विचारलंत. शेठच्या ओटीवर उभं राहून परक्या माणसासाठी विचारलंत. मला नाही विचारलंत, अप्पा!

तुम्ही गेलात त्या दिवशी मी काम टाकून स्टेशनवर गेले. कार्ड टेकवलं, फाटक उघडलं. इथे कुणी अडवत नाही. गाडीत बसले. पूल आला, नदी आली, टोकियो आलं, लोक उतरले, चढले, माझ्याकडे कुणी बघितलं नाही. शेवटच्या स्टेशनवर सगळे उतरले, तीच गाडी उलटी फिरली, मी तशीच बसून परत आले. कुठेही जाता येतं बघा इथे. समुद्राच्या अलीकडे कुठेही.

दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, हॉटेल उघडायच्या आधी, मी त्याच्यासमोर उभी राहिले. तो कांदे उतरवून घेत होता.

"सुदाम, माझा पासपोर्ट दे."

"कशाला?"

"माझा आहे म्हणून."

"आहे ना लॉकरमध्ये. सगळ्यांचेच आहेत. कुठे पळून जातोय?"

"तो नाही पळत. मला जायचंय."

"आता जाऊन काय करणार ताई? माणूस तर गेला."

"ते मी बघीन. तू दे."

त्याने कांद्याची गोणी खाली ठेवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. समजूत घालायच्या आवाजात म्हणाला, "ताई, आमचे सगळ्यांचे सरकारने दिलेले सुटकेचे दाखले कुठे असायचे? काकांच्या पेटीत. पेटीची किल्ली कुठे? काकांच्या करगोट्याला. का? तर आमची अडाणी माणसं, हरवतील, भिजवतील, दारूवाल्याकडे टाकून येतील. काका सांभाळायचे. तेव्हा कुणी काकांना शेठ म्हटलं का? मग मी वेगळं काय करतोय? त्यांच्याकडूनच शिकलो."

अप्पा, मी, जी गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, ती कांद्याच्या गोणीकडे बघत राहिले.

कारण मला ती दुपार आठवली. सुदामची आई आली होती. नवं लुगडं नेसून, तेल लावून. तिच्या भावाकडे लग्न होतं, शेठची माणसं पण येणार होती. तिला तिचा दाखला हवा होता. वाचता येत नव्हता तिला, नुसता कमरेला खोचून मिरवायचा होता. तुम्ही जेवत होतात. म्हणालात, "कशाला हवा? माझ्याकडे सांभाळून आहे. सगळ्या गावाला माहीत आहे तू सुटलीस ते." ती म्हणाली, "नुस्ता एक दिवस, दादा. उद्या आणून देते." तुम्ही हसलात. "अगं, फाडून आणशील." ती पण हसली. आणि गेली. तिचा पदर धरून सुदाम उभा होता. त्याने तुमच्या करगोट्याकडे बघितलं होतं, अप्पा. मी भाकरी उलटत होते, मी पाहिलं होतं. त्या वर्षी ती साप चावून गेली. दाखला अजून पेटीत आहे.

तुम्ही शेठ नव्हतात. हे मी कुणालाही छाती ठोकून सांगीन. तुम्ही मार खाल्लात, तुमचं घर जाळायला माणसं आली होती, तुम्ही ऐंशी ओलांडल्यावरही काठी टेकत कचेरीच्या पायऱ्या चढलात आणि साहेब नाही म्हणून व्हरांड्यात झोपलात. तुमच्या मनात पाप नव्हतं. पण किल्ली होती ना? एवढी माणसं सोडवलीत, एकाच्याही हातात त्याचा कागद का नाही दिलात? भिजला असता तर भिजला असता. फाडला असता तर त्याने त्याचा फाडला असता!

किल्ली आता बाळूने कमरेला लावलीय. फोनवर दाखवली मला, अभिमानाने.

बाळूलाही सांगून पाहिलं. तो म्हणतो, "ताई, सांभाळून घे." बघा, तोच शब्द परत! म्हणतो, केंद्राच्या बोर्डिंगातली पोरं सुदाम पाठवतो त्या पैशावर जेवतात. म्हणतो, तू कुठे तक्रार केलीस आणि पेपरात आलं, तर लोक काय म्हणतील? अप्पांनी सोडवलेलं पोरगंच शेठ निघालं. अप्पांच्या आयुष्यभराच्या कामावर एका वाक्यात बोळा फिरेल.

तो काही खोटं बोलत नाही. हाच दगड बसलाय माझ्या छातीवर. मी हलले तर तुमचं नाव जातं. मी नाही हलले तर मी जाते. आणि तुम्ही त्याच्या शब्दावर पिंड खाऊन मोकळे!

इथे एक रेवती म्हणून मुलगी आहे. पुण्याची, कावासाकीला ऑफिसात जाते, राहायला उरायासुला. दोन स्टेशनं पुढे येऊन माझ्याकडून डबा नेते. परवा मी डबा भरता भरता रडले. मी! तिने डबा खाली ठेवला.

"काकू, काय झालं?"

सगळं सांगितलं.

"काकू, सिरियसली? पासपोर्ट त्यांच्याकडे? असं कुणीच नाही ठेवू शकत. आपण वकिलातीत जाऊ. नवा काढून देतात. आणि कामगारांसाठी इथे ऑफिस आहे, तिथे मी बोलीन ना तुमच्यासाठी, माझं जपानी चांगलंय."

"तू बोलशील?"

"हो, तुम्ही नुसत्या बसा."

"मग नको," मी म्हटलं.

तिला कळलंच नाही. तुम्हाला कळलं असेल. तुमची पद्धतच होती ती. शेठच्या दारात गड्याला घेऊन जायचात, शेजारी उभे राहायचात, पण त्याच्या वतीने "हा जातो" असं कधी म्हणाला नाहीत. "आपल्या तोंडाने म्हण." कित्येकांच्या तोंडून "मी जातो" एवढे दोन शब्द निघायचे नाहीत. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायचे. तुम्ही रागवायचा नाहीत, परत घेऊन यायचात आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा न्यायचात. म्हणायचात, मी सोडवला तर तो माझा गडी होईल. त्याने स्वतः म्हटलं, तर कुणाचाच नाही.

हे एवढं तुम्हाला माहीत होतं. मग किल्लीचं का नाही सुचलं?

आणि नदीवर माझं तोंड उघडलेलं दिसत होतं तुम्हाला, तरी दुसऱ्याने माझ्या वतीने म्हटलेलं कसं चाललं?

रेवतीला मी सांगितलं, तू चल, शेजारी उभी राहा, मी बोलते. मराठीत बोलेन, तू नुसतं त्यांना समजावून सांग. तिने मंगळवारची सुट्टी घेतलीय. मंगळवारी आमचं हॉटेलही बंद असतं. आधी सुदामसमोर उभं राहायचं, मागायचं. त्याने आपल्या हाताने लॉकर उघडून दिला तर ठीक. नाहीतर तिथून तसंच स्टेशन, वकिलात, ते ऑफिस, सगळं.

ठरलंय म्हणते खरी. तो रडला तर? तो तुमच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, "काकांना काय वाटेल?" तर? मला तेव्हा खाली बघायचं नाहीये, अप्पा. कांद्याच्या गोणीकडे परत बघायचं नाहीये.

म्हणून तुम्हाला विचारतेय. आणि विचारायची सोय तरी कशी बघा. तुम्ही कावळा मानत नव्हतात. "मेल्यावर मला पाखरांच्या दारात उभं करू नका," म्हणायचात. बाळूने केलंच ना सगळं? मग आता मीही करणार. गेल्या आठवड्यात मी गॅलरीच्या कठड्यावर भाताचा मुटका ठेवला होता. इथले कावळे बघाल तर भ्याल, कोंबडीएवढे, चोच कोयत्यासारखी. पण आला नाही एकही. खालच्या घरातल्या बाई आल्या, वर बघून हात हलवून म्हणाल्या, "दामे, दामे!" म्हणजे चालणार नाही. दुसऱ्या दिवशी दारात चिठ्ठी, कावळ्याचं चित्र, त्यावर लाल फुली. सुदामने वाचून दाखवली आणि हसला. "ताई, काका तर कावळा मानायचेच नाहीत." मला हसू आलं, अप्पा. त्याच्याबरोबर हसले. दोन मिनिटं आम्ही तुमच्या पडवीतली दोन पोरं होतो. यानेच तर जीव जातो माझा! तो निव्वळ राक्षस असता तर मी केव्हाच गेले असते.

तेव्हा गॅलरी नको. मंगळवारी जळाऊ कचऱ्याचा दिवस असतो. गल्लीच्या तोंडाशी पिशव्या ठेवून वर जाळं पांघरतात, कावळ्यांनी फाडू नयेत म्हणून, आणि तरी सगळे कावळे तारेवर टपून बसलेले असतात. हॉटेलचा कचरा मीच ठेवते. त्या दिवशी जाळ्याशेजारच्या भिंतीवर मुटका ठेवीन. चिठ्ठी येवो नाहीतर पोलीस.

आणि या वेळी कुणाला मधे बोलू देणार नाही. मी म्हणणार, "अप्पा, मी जाते." तेवढंच. आपल्या तोंडाने. सांभाळण्याचं कुणी काही म्हणणार नाही तिथे. शिवायचं तर या शब्दावर शिवा. तो दुसरा शब्द तुम्ही नदीवर ओकून टाका.

माझ्याकडून हे घ्या. सुदामला मी दगड मारणार नाही. विचारलं तर खरं सांगीन, सगळं खरं, त्याने घेतलेला कोटही सांगीन. तिकडे पोचले की आधी बाळूच्या कमरेची किल्ली काढून घेईन. पेटी उघडेन. जो जिवंत आहे त्याच्या हातात त्याचा कागद देईन, जो गेला त्याच्या पोरांच्या हातात. घरोघरी जाऊन देईन, पाऊस असला तरी. आणि सुदामच्या आईचा दाखला त्याला इथे पाठवीन. तो त्याचा आहे. त्याने तो लॉकरमध्ये ठेवावा नाहीतर फाडावा. तुमच्या कामावर बोळा फिरतो म्हणतात ना? फिरू दे थोडा. अर्धंच झालं होतं ते. उरलेलं मी करते.

पण मला तुमचं उत्तर पाहिजे. मुलगी म्हणून नका देऊ, तो हट्ट मी केव्हाच सोडला. तुमच्या दारात आलेल्या कुठल्याही गड्याला दिलं असतंत तसं द्या. तुम्ही शेजारी उभे आहात की नाही, एवढंच.

कचऱ्याची गाडी आठाच्या सुमाराला येते, ती आली की कावळे उडतात. मंगळवारी, गाडी यायच्या आत कळवा.

शकू